भात गेला, चपाती आली. भूक मात्र तीच!

मधुमेहाची चाहूल लागली की आपल्याकडे पहिली गदा येते ती भातावर. शिताच्या जागी चपाती येते, घरातील मंडळी निश्चिंत होतात आणि काही दिवसांतच तक्रार सुरू होते, ‘चार चपात्या खाल्ल्या तरी दोन तासांत पुन्हा भूक लागते.’ कर्बोदके, म्हणजे पिष्टमय व गोड पदार्थ, कमी केल्याने भूक खरोखर कमी होते का, होत असेल तर कशामुळे, आणि नुसत्या अदलाबदलीने ती का होत नाही, हे समजून घेणे म्हणूनच अगत्याचे आहे. त्यासाठी गव्हाच्या मुलखात वसलेल्या आणि मराठी स्वयंपाकघराशी दोनशे वर्षांचे नाते असलेल्या ग्वाल्हेरच्या ताटाकडे पाहणे उपयोगाचे ठरेल.

आकडे काय सांगतात?

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाठबळाने झालेल्या ‘इंडियाब’ या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली ‘द लॅन्सेट डायबेटिस अँड एंडोक्रायनॉलॉजी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशातील प्रौढांमध्ये मधुमेहाचे प्रमाण ११.४ टक्के असताना गोव्यात ते २६.४ टक्के, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक आढळले. ग्वाल्हेर ज्या राज्यात आहे त्या मध्य प्रदेशात हे प्रमाण आज बरेच कमी आहे. परंतु उत्तर प्रदेश, बिहार आणि अरुणाचल प्रदेश यांच्याबरोबरच मध्य प्रदेशातही येत्या काही वर्षांत मधुमेह झपाट्याने वाढण्याची भीती संशोधकांनी तेव्हाच व्यक्त केली. भात खाणारे राज्य आज ज्या वळणावर आहे, त्या वळणाकडे गहू खाणारे राज्यही निघाले आहे, असा याचा अर्थ.

याच पाहणीतील आहारविषयक भाग २०२५ साली ‘नेचर मेडिसिन’मध्ये आला. १ लाख २१ हजारांहून अधिक प्रौढांच्या आहाराचा त्यात अभ्यास होता. भारतीय माणसाच्या दैनंदिन उष्मांकांपैकी सुमारे ६२ टक्के कर्बोदकांतून येतात, प्रथिनांचा वाटा जेमतेम १२ टक्के असतो, हे त्यातून दिसले. आपल्या दृष्टीने महत्त्वाचा निष्कर्ष पुढचा आहे. पांढरा तांदूळ काढून त्याजागी गव्हाचे वा भरडधान्याचे पीठ आणले, पण कर्बोदकांचे एकूण प्रमाण तेवढेच ठेवले, तर मधुमेहाचा धोका कमी झाल्याचे आढळले नाही. उलट, कर्बोदकांतून मिळणाऱ्या उष्मांकांपैकी थोडा वाटा डाळी-कडधान्ये, दूध-दही, अंडी किंवा मासळी यांतील प्रथिनांना दिला, तर धोका कमी असल्याचे दिसून आले.

घरच्या घरी हिशेब मांडला तरी हे पटते. ३० ग्रॅम तांदळाच्या भातात सुमारे २३ ग्रॅम कर्बोदके असतात, तर ३० ग्रॅम कणकेच्या एका चपातीत सुमारे २०. चपातीत चोथा अधिक आणि प्रथिने एखाद्या ग्रॅमने जास्त, हे खरे. पण वाटीभर भात सोडून दोन चपात्या खाणाऱ्याच्या ताटात कर्बोदके कमी होण्याऐवजी वाढतात.

ग्वाल्हेरचे ताट

दौलतराव शिंद्यांनी १८१०च्या सुमारास आपली राजधानी उज्जैनहून ग्वाल्हेरला आणली. किल्ल्याच्या पायथ्याशी त्यांच्या फौजेची छावणी पडली, आणि त्या छावणीवरूनच शहराच्या या भागाला ‘लष्कर’ हे नाव मिळाले. दरबाराच्या निमित्ताने आलेली मराठी कुटुंबे तेथे स्थिरावली. त्यांनी वरण-भात, पुरणपोळी आणि उपवासाची साबुदाण्याची खिचडी सोबत आणली. मुलखाने त्यांना बेडई, कचोरी आणि जिलेबी दिली.

बेडई म्हणजे उडदाचे वाटण भरलेली गव्हाची पुरी. ती बटाट्याच्या तिखट रसभाजीबरोबर खायची आणि वर गरम जिलेबी घ्यायची, ही महाराज बाड्याच्या परिसरातील सकाळची जुनी रीत. हिवाळ्यात शेजारच्या मुरैन्याची तीळ-गुळाची गजक येते. भाताचे शीतही नसलेली ही न्याहारी आहे. परंतु गहू, बटाटा आणि साखर मिळून ती बहुतांशी कर्बोदकांचीच होते. उडदाचे वाटण तेवढे प्रथिनांची थोडी बाजू सांभाळते. भात सोडला म्हणजे पथ्य झाले, या समजुतीला उत्तर हवे असेल तर ते या पत्रावळीत आहे.

मात्र याच मुलखात दुसरे ताटही आहे. भिंड-मुरैन्याच्या बाजरीची भाकरी, हरभऱ्याची डाळ, दही-ताक, हिवाळ्यातल्या पालेभाज्या हे सगळे तेथल्या मातीतलेच. प्रश्न धान्य कोणते, एवढाच नाही. धान्याच्या शेजारी काय आहे आणि किती आहे, हा खरा प्रश्न आहे.

भूक लागते म्हणजे काय होते?

भूक ही केवळ रिकाम्या पोटाची हाक नव्हे. जठर रिते असताना त्याच्या अस्तरातून ‘घ्रेलिन’ नावाचे संप्रेरक स्रवते आणि मेंदूला ‘आता खा’ असा निरोप देते. १९९९ साली जपानी संशोधकांनी ते शोधून काढले. जेवण झाल्यावर आतड्यांतून ‘जीएलपी-१’ आणि ‘पीवायवाय’ ही दुसऱ्या बाजूची संप्रेरके स्रवतात. ती ‘आता पुरे’ म्हणून सांगतात. शरीरातील चरबीतून येणारे ‘लेप्टिन’ साठा किती आहे याची वर्दी देते. जठराच्या भिंतीला पडणारा ताणही तृप्तीचा संदेश पाठवतो. या सर्व निरोपांची बेरीज मेंदू करतो, आणि त्या बेरजेला आपण भूक किंवा तृप्ती म्हणतो.

कर्बोदकांचा संबंध येथे दोन वाटांनी येतो. मैदा, साखर, मऊ शिजलेले पिष्ट यांचे पचन त्वरेने होते, रक्तातील साखर भराभर चढते, ती उतरवण्यासाठी स्वादुपिंड इन्सुलिन सोडते आणि काही जणांत ती मूळ पातळीच्याही खाली घसरते. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधील संशोधकांनी सहकाऱ्यांसह २०२१ साली १,०७० व्यक्तींवर केलेल्या अभ्यासात ही घसरण न्याहारीनंतर दोन ते तीन तासांनी दिसली. ज्यांची साखर अधिक घसरली, त्यांना भूक सुमारे ९ टक्के अधिक जाणवली, पुढचे जेवण लवकर घ्यावेसे वाटले आणि दिवसभरात त्यांनी सरासरी ३१२ उष्मांक जास्त खाल्ले. ‘दोन तासांत पुन्हा भूक लागते’ ही तक्रार म्हणजे केवळ मनाचा खेळ नव्हे, हे येथे स्पष्ट होते. मात्र तीच न्याहारी खाऊन सर्वांची साखर सारखी घसरत नाही, हेही त्याच अभ्यासाने दाखवले.

दुसरी वाट अधिक साधी आहे. पोटात जागा मर्यादित असते. ती पिष्टाने व्यापली की प्रथिने आणि चोथा यांना वाव उरत नाही. आणि दीर्घकाळ तृप्ती देण्याचे काम तर मुख्यतः तेच करतात.

एकादशी आणि दुप्पट खाशी

उपवासाच्या दिवशी भूक जास्त लागते, हा अनुभव मराठी घरांना नवा नाही. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण त्यातूनच आली असावी. उपवासाला धान्य वर्ज्य, म्हणून ताटात साबुदाणा येतो. पण साबुदाणा हे धान्य नसले तरी ते जवळपास शुद्ध पिष्ट आहे. दक्षिण अमेरिकेतून आलेल्या एका कंदापासून तो बनतो. १०० ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात सुमारे ८७ ग्रॅम कर्बोदके असतात आणि प्रथिने एक ग्रॅमही भरत नाहीत. भाताशी तुलना करता तो कर्बोदकांच्या बाबतीत एक पाऊल पुढेच आहे.

तरीही सर्व फराळ सारखा नाही. शेंगदाण्याचा भरपूर कूट घातलेली खिचडी ताकाबरोबर खाल्ली तर ती बराच वेळ तग धरते, कारण शेंगदाण्यात वजनाच्या सुमारे एक चतुर्थांश प्रथिने आणि भरपूर स्निग्धांश असतो. साबुदाण्याची साखर घातलेली खीर मात्र तासा-दोन तासांत पुन्हा स्वयंपाकघराकडे वळवते. साबुदाणा दोन्हीकडे आहे. फरक पडतो तो सोबतीमुळे. राजगिरा, दही, दूध, शेंगदाणे हे उपवासाला चालणारेच पदार्थ आहेत. त्यांचे प्रमाण वाढवून साबुदाणा-बटाट्याचे प्रमाण घटवले तर व्रतही पाळले जाते आणि भूकही आवरते.

कर्बोदके कमी केली की काय घडते?

या प्रश्नावर सर्वांत बोलका प्रयोग २००५ साली अमेरिकेतील सिएटल येथे झाला. त्यात १९ जणांच्या आहारातील कर्बोदके उष्मांकांच्या ५० टक्क्यांवर कायम ठेवून प्रथिने १५ टक्क्यांवरून ३० टक्क्यांवर नेली आणि स्निग्धांश तेवढा कमी केला. नंतर त्यांना हवे तेवढे खाण्याची मुभा दिली. कोणी सांगितलेले नसताना त्यांचे खाणे दिवसाला सरासरी ४४१ उष्मांकांनी उतरले आणि १२ आठवड्यांत वजन सरासरी ४.९ किलोंनी घटले. कर्बोदकांना हात न लावताही भूक कमी झाली, ही यातील मेख आहे. कर्बोदके कमी केल्यावर ज्यांना भूक कमी लागते, त्यांच्या त्या अनुभवात प्रथिने वाढल्याचा वाटा मोठा असणार, असे मानण्यास यामुळे जागा आहे.

कर्बोदके फारच कमी केली, म्हणजे दिवसाला साधारण ५० ग्रॅमच्या खाली आणली, तर यकृत चरबीपासून ‘कीटोन’ तयार करू लागते आणि शरीर त्यांवर चालते. सध्या बोलबाला असलेला ‘कीटो’ आहार तो हाच. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ साली ३९ जणांवर असा प्रयोग प्रसिद्ध केला. एरवी वजन उतरले की घ्रेलिन वाढते आणि भूक खवळते. येथे आठ आठवड्यांत वजन १३ टक्के घटूनही, कीटोन असेपर्यंत ती वाढ दिसली नाही. परंतु नेहमीचा आहार पुन्हा सुरू होताच घ्रेलिन वर गेले. म्हणजे हा आहार भुकेला काही काळ बांधून ठेवतो, कायमचा निरोप देत नाही. चार आठवड्यांचा कीटो आणि नंतर पूर्ववत बेडई-जिलेबी, हा क्रम त्यामुळेच बहुधा वाया जातो.

महाराष्ट्रात भुकेची ही चर्चा घराघरांत नेण्याचे श्रेय दिवंगत डॉ. श्रीकांत जिचकार आणि त्यांचा विचार पुढे नेणारे डॉ. जगन्नाथ दीक्षित यांना द्यावे लागेल. दिवसातून दोनदाच, खरी भूक लागेल तेव्हा, ५५ मिनिटांच्या आत जेवण संपवायचे आणि मधल्या वेळी इन्सुलिनला चालना देणारे काहीही खायचे नाही, हे त्यांचे सूत्र. ते कर्बोदके मोजायला सांगत नाही. पण मधल्या वेळचा साखरेचा चहा, बिस्किटे आणि फरसाण बंद झाले की दिवसभरातील कर्बोदके आपोआप उतरतात. खरी भूक आणि सवयीने वाजणारी घंटा यांतील भेद ओळखायला लावणे, ही या सूत्राची मोठी देणगी आहे.

नाण्याची दुसरी बाजू

इतके वाचून कर्बोदके हाच शत्रू, असा निष्कर्ष कोणी काढला तर तो घाईचा ठरेल. सिडनी विद्यापीठात १९९५ साली ३८ खाद्यपदार्थ समान उष्मांकांच्या प्रमाणात देऊन पुढचे दोन तास तृप्ती मोजण्यात आली. पांढऱ्या पावाला १०० गुण धरले, तेव्हा सर्वाधिक गुण मिळाले ते उकडलेल्या बटाट्याला, ३२३. मासळीला २२५ मिळाले, संत्र्याला २०२, तर लोणी घालून केलेल्या क्रोसाँला अवघे ४७. बटाटा पिष्टमयच, पण पाणी भरपूर आणि आकार मोठा असल्याने त्याने पोट भरले. तोच बटाटा तळून वेफर झाला की गोष्ट बदलते.

अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत डॉ. केव्हिन हॉल यांनी २०२१ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग तर कर्बोदकविरोधकांना विचार करायला लावणारा आहे. २० जणांना रुग्णालयातच ठेवून दोन आठवडे ७५ टक्के कर्बोदकांचा वनस्पतिजन्य आहार आणि दोन आठवडे १० टक्के कर्बोदकांचा प्राणिजन्य कीटो आहार दिला. भरपूर कर्बोदकांच्या आहारावर लोकांनी दिवसाला ६८९ उष्मांक कमी खाल्ले, आणि भुकेच्या जाणिवेत मात्र फरक नोंदवला नाही. कीटोच्या दुसऱ्या आठवड्यात खाणे उतरू लागले होते, हे खरे. पण ती ७५ टक्के कर्बोदके मैद्या-साखरेची नव्हती. भाज्या, फळे, कडधान्ये, धान्ये यांची होती. स्टॅनफर्ड विद्यापीठाने ६०९ जणांवर वर्षभर केलेल्या, २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीतही कमी कर्बोदकांच्या गटाचे वजन सरासरी ६ किलो आणि कमी स्निग्धांशाच्या गटाचे ५.३ किलो घटले. हा फरक नगण्य ठरला. दोन्ही गटांना साखर, मैदा व प्रक्रिया केलेले पदार्थ टाळायला सांगितले होते, हे येथे विसरता येत नाही.

प्रक्रियेचा परिणाम किती असतो, याचे चोख उदाहरण १९९९चे आहे. बोस्टनमध्ये १२ स्थूल किशोरवयीन मुलांना एकदा झटपट शिजणारे आणि एकदा जाड भरडलेले ओट दिले. धान्य तेच, उष्मांक तेवढेच. झटपट ओट खाल्ल्यावर मुलांनी पुढच्या पाच तासांत ५३ टक्के अधिक खाल्ले. आपल्या उकड्या तांदळाची पेज आणि पांढऱ्या मैद्याचा पाव, कोंड्याची पोळी आणि बेकरीचे बिस्किट यांना एकाच तागडीत तोलता येत नाही, ते यामुळेच.

मग ताट कसे असावे?

सर्व पुरावे एकत्र ठेवले तर चित्र असे दिसते : भूक आवरते ती कर्बोदके नुसती हटवल्याने नव्हे, तर त्यांनी मोकळी केलेली जागा प्रथिने आणि चोथा यांनी भरल्याने. ‘इंडियाब’च्या १८ हजारांहून अधिक प्रौढांच्या माहितीवरून संशोधकांनी २०२२ साली जे गणित मांडले, तेही याच दिशेचे आहे. नव्याने निदान झालेला मधुमेह मागे हटवण्यासाठी कर्बोदके ४९ ते ५४ टक्के आणि प्रथिने १९ ते २० टक्के असावीत, असे त्यात सुचवले आहे. कीटोइतकी टोकाची काटछाट त्यात नाही.

दिवसाला २,००० उष्मांक घेणाऱ्या व्यक्तीसाठी ६२ टक्के कर्बोदके म्हणजे ३१० ग्रॅम. ५० टक्के म्हणजे २५० ग्रॅम. फरक ६० ग्रॅमचा, अर्थात दिवसभरात तीन चपात्यांचा. तीन चपात्या किंवा तेवढाच भात कमी करणे अशक्य नाही. पण त्यांची जागा रिकामी ठेवली तर संध्याकाळी फरसाणाचा डबा उघडतो, हे नक्की. त्या जागी काय यावे? १०० ग्रॅम बांगड्यात सुमारे १९ ग्रॅम प्रथिने असतात, एका अंड्यात ६, १०० ग्रॅम पनीरमध्ये सुमारे १८, मोठी वाटीभर दह्यात ६ ते ७, आणि ३० ग्रॅम डाळीच्या दाट वरणातही तेवढीच. गोव्यात मासळी आणि अळसांद्यांचे तोणाक आहे. ग्वाल्हेरच्या शाकाहारी मराठी घरात हरभरा, पनीर, दही आहे. पातळ आमटीत भात बुडवण्याऐवजी दाट वरणात थोडा भात, एवढा बदलही हिशेब फिरवतो.

खाण्याच्या क्रमालाही अर्थ आहे. न्यूयॉर्कमध्ये ११ मधुमेही व्यक्तींवर झालेल्या एका छोट्या प्रयोगात भाज्या व प्रथिने आधी आणि पिष्टमय पदार्थ १५ मिनिटांनी खाल्ले, तेव्हा तासाभराने मोजलेली रक्तशर्करा ३७ टक्के कमी भरली. ताटातील पदार्थ तेच. फक्त भाजी-उसळ आधी, भात-चपाती मागाहून. याला पैसा लागत नाही.

सावधगिरी कोणी बाळगावी?

इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी परस्पर कर्बोदके घटवली तर साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. डॉक्टरांकडून औषधाची मात्रा ठरवून घेतल्याशिवाय असा बदल करू नये. ‘ग्लिफ्लोझिन’ गटातील गोळ्या घेणाऱ्यांना कीटो आहारात रक्तातील आम्लता वाढण्याचा गंभीर धोका असतो. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी प्रथिने वाढवण्यापूर्वी, तसेच गरोदर व स्तनदा मातांनी आहारात मोठा बदल करण्यापूर्वी सल्ला घेणे अत्यावश्यक आहे. ज्यांना अंगमेहनतीचे वा धावपळीचे काम आहे, त्यांची गरज निराळी. ग्वाल्हेरच्या लक्ष्मीबाई राष्ट्रीय शारीरिक शिक्षण संस्थेच्या मैदानावर रोज घाम गाळणाऱ्या विद्यार्थ्याला जी कर्बोदके बळ देतात, तीच दिवसभर गल्ल्यावर बसणाऱ्या व्यापाऱ्याच्या अंगी चरबी होऊन साठतात.

भात हा अपराधी नाही आणि चपाती ही औषध नाही. दुपारच्या जेवणानंतर चार तासांच्या आत भूक लागत असेल, तर आपला निर्धार कमी पडला असे समजून स्वतःला दोष देण्यापूर्वी त्या जेवणात डाळ, दही, मासळी वा अंडे आणि भाजी किती होती, हे आठवून पाहावे. बहुतेक वेळा उत्तर तेथेच सापडेल.